निकाल न लागलेला कप: आयर्लंडच्या शालेय हर्लिंगचे दोन हरवलेले हंगाम

१२ मार्च २०२०, गुरुवार. आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर सेंट पॅट्रिक दिनानिमित्तच्या नेहमीच्या दौऱ्यावर अमेरिकेत होते. आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावाचं हे आडनाव. अडीच महिन्यांपूर्वीच, डिसेंबर २०१९ च्या अखेरीला, ते कुटुंबासह वराडला येऊन गेले होते. त्या गुरुवारी वॉशिंग्टनमधून त्यांनी जाहीर केलं, की आज संध्याकाळी सहापासून देशातल्या सगळ्या शाळा, कॉलेजं आणि पाळणाघरं बंद. मुदत सांगितली होती २९ मार्चपर्यंतची. त्याच दिवशी गेलिक ॲथलेटिक असोसिएशननेही, म्हणजे हर्लिंगसारखे आयरिश खेळ चालवणाऱ्या आणि तिथले लोक जिला नुसतं जीएए म्हणतात त्या संस्थेने, आपले सगळे सामने आणि सराव थांबवले.

सेंट पॅट्रिक दिन १७ मार्चला, म्हणजे पाच दिवसांवर होता. शाळांच्या हर्लिंगचा, म्हणजे काठी आणि चेंडूने खेळायच्या त्या आयरिश खेळाचा, हंगाम दरवर्षी याच सुमारास संपतो. त्या वर्षी तो मधेच तुटला. अखिल आयर्लंड शालेय स्पर्धेचा क्रोक कप २०२० साली कुणालाच मिळाला नाही आणि २०२१ साली तर स्पर्धाच झाली नाही.

मी एका तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षक आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य या शिडीवरून मुलांना वर चढवण्यात आणि बहुतेकदा जिल्ह्यावरूनच परत आणण्यात माझी नोकरी गेली. माझा एक जुना विद्यार्थी आयर्लंडमधल्या लिमरिकला नोकरी करतो आणि त्याचा मुलगा तिथल्या शाळेत हर्लिंग खेळतो. त्यामुळे हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं. ते मी इतकं धरून का ठेवलंय, हे पुढे कळेल. शालेय स्पर्धा चालवणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येकाने ते नीट पाहावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

हातात घेतलेली हर्ली

तो विद्यार्थी सुट्टीत आला तेव्हा एक हर्ली घेऊन शाळेत आला होता. आयरिश भाषेत या काठीला जे म्हणतात ते आपल्या कानाला थेट 'कमान' ऐकू येतं. शब्दाचं मूळ वाकडेपणात आहे, आणि काठीही खालच्या टोकाला वाकडीच. ॲश नावाच्या झाडाच्या बुंध्याचा, जिथे खोड मुळांकडे वळतं तो भाग घेऊन ती काढतात. लाकडाच्या रेषा त्या वळणासोबतच वळतात, म्हणून फटका बसला तरी तिथे काठी सहज तुटत नाही. टोकाचा भाग तळहातापेक्षा रुंद, चपटा, कडेने पत्र्याची पट्टी मारलेली. मुठीला टेप गुंडाळलेली. आमच्या मुलांनी ती आधी हॉकीची स्टिक धरावी तशी धरली. मग त्याने चेंडू जमिनीवरून काठीनेच उचलून हवेत घेतला, काठीच्या पात्यावर तोलत मैदानभर पळाला आणि पळता पळता एक हात सोडून असा टोलवला की तो कंपाउंडबाहेर गेला. सगळी शाळा त्याच्या मागे लागली, आम्हालाही द्या म्हणून.

चेंडूला स्लिटर म्हणतात. चामड्याचा, शिवणीच्या कडा वर आलेला, शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. एका बाजूला पंधरा खेळाडू. मैदान फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच लांब. गोलाचे खांब इंग्रजी 'एच'च्या आकाराचे. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक. गुणफलक लिहिताना गोल आणि गुण वेगळे ठेवतात. लिमरिक काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) डिसेंबर २०२० मध्ये वॉटरफर्डला हरवून अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकलं तो निकाल होता ०-३० विरुद्ध ०-१९. म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही गोल नाही, सगळे गुण दांडीवरून. हा सामना पुढे पुन्हा येणार आहे.

वेग इतका, की नवख्या माणसाला चेंडू दिसतच नाही. हेल्मेट २०१० पासून सगळ्यांना सक्तीचं आहे. आणि हे सगळे हौशी खेळाडू, अगदी ऐंशी हजार प्रेक्षकांसमोर खेळणारेसुद्धा. सोमवारी सकाळी कुणी शिक्षक, कुणी सुतार, कुणी बँकेत. पैसा नाही म्हटल्यावर खेळाची सगळी मदार गाव, क्लब आणि शाळा यांच्यावर येते.

शाळा, बिशप आणि कप

जीएए १८८४ साली थर्ल्स गावच्या एका हॉटेलात स्थापन झाली. ती उभी करणारा मायकेल क्युसॅक पेशाने शिक्षक होता. कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक हे तिचे पहिले आश्रयदाते. डब्लिनच्या मुख्य मैदानाला, क्रोक पार्कला, त्यांचंच नाव आहे आणि शाळांच्या अखिल आयर्लंड कपालाही. हा क्रोक कप १९४४ साली सुरू झाला. त्याच्याहून जुना, आणि दक्षिणेत कित्येकांच्या लेखी त्याच्याहून मोठा, आहे मन्स्टर प्रांताचा हार्टी कप. तोही एका आर्चबिशपच्या नावाचा, १९१८ साली सुरू झालेला. इन्फ्लुएंझाची साथ जगभर पसरली ते हेच वर्ष.

मन्स्टरमध्ये हार्टी कप सर्वाधिक वेळा जिंकला तो एनिसच्या सेंट फ्लॅनन्स कॉलेजने. शेजारच्या लेन्स्टर प्रांतात किलकेनीचं सेंट कीरन्स कॉलेज. हे १७८२ सालचं, आणि क्रोक कप वीसहून अधिक वेळा त्यांच्याकडे गेला आहे. एडी कीहर, ब्रायन कोडी, हेन्री शेफलिन ही हर्लिंगमधली मोठमोठी नावं याच शाळेच्या पटावरची. आपल्याकडे दादरच्या शारदाश्रमचं नाव घेतलं की क्रिकेटवाला कान टवकारतो, तसंच हे. 'कुठल्या शाळेकडून खेळलास?' हा प्रश्न तिथे माणसाला साठीतही विचारतात.

हंगामाची चाल अशी: शरद ऋतूत प्रांतातले गट, नाताळनंतर बाद फेरी, फेब्रुवारीत प्रांताचा अंतिम सामना आणि मार्चमध्ये अखिल आयर्लंड. वरिष्ठ गट एकोणीस वर्षांखालचा. तिथलं माध्यमिक शिक्षण पाच किंवा सहा वर्षांचं असतं, कारण चौथं वर्ष ऐच्छिक आहे. शेवटच्या वर्षी 'लीव्हिंग सर्ट' नावाची परीक्षा येते, आपल्या बारावीसारखीच आयुष्य ठरवणारी. वरिष्ठ संघात मुलगा साधारण पाचव्या वर्षी येतो, बऱ्याचदा राखीव म्हणून. सहाव्या वर्षी तो खेळतो. मग शाळा सुटते आणि ती जर्सी कायमची उतरते.

या प्रकरणातला सगळा गुंता या एका गोष्टीत आहे. क्लबचा खेळाडू पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकतो. काउंटीचा खेळाडू दहा-बारा वर्षं खेळतो. शाळेच्या खेळाडूला मोजून एक, फार तर दोन हंगाम मिळतात.

फेब्रुवारी २०२०

त्या वर्षीचा हार्टी कप मात्र झाला होता. फेब्रुवारीत सेंट फ्लॅनन्सने कॉर्कच्या ख्रिश्चन ब्रदर्स कॉलेजला अंतिम सामन्यात हरवलं. सेंट फ्लॅनन्ससारख्या शाळेला आधीच्या विजेतेपदानंतर पंधरा वर्षं थांबावं लागलं होतं. शेवटचा कप २००५ चा. तिकडे कॉर्कच्या शाळेचा हा सलग दुसरा पराभूत अंतिम सामना, कारण २०१९ साली मिडल्टनच्या शाळेने त्यांना हरवलं होतं.

पंधरा वर्षांनी कप घरी आणलेल्या त्या मुलांच्या मनात पुढे काय असणार, हे कुणाही प्रशिक्षकाला सांगावं लागत नाही. मार्च, क्रोक पार्क. आणि मार्चमध्ये शाळेला कुलूप.

सुरुवातीला कुणालाच अंदाज नव्हता. दोन आठवडे म्हणता म्हणता २७ मार्चला लोकांना घरीच राहण्याचे आदेश आले. ८ मे रोजी सरकारने लीव्हिंग सर्टची लेखी परीक्षा होणार नाही असं सांगितलं आणि शिक्षकांच्या मूल्यमापनावरून गुण देण्याचं ठरवलं. आपल्याकडे त्याच मार्चमध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, हे आठवत असेल. परीक्षेसाठी मात्र दोन्हीकडे काहीतरी तोड निघाली. सरासरी काढा, अंतर्गत गुण धरा, समिती नेमा, पण मुलाच्या हातात कागद पडला पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत होतं.

खेळाच्या बाबतीत तसं एकमत कुठेच झालं नाही.

ऑगस्टची खिडकी

या प्रकरणातला हा भाग मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिला, कारण निर्णय घेणाऱ्याला इथे खरोखर पर्याय होता असं मला वाटतं.

जून संपता संपता आयर्लंडमध्ये निर्बंध सैल झाले. जुलैत क्लबचे हर्लिंग सामने पुन्हा सुरू झाले. मैदानावर खेळाडू धरून दोनशे माणसांची मर्यादा होती. १८ ऑगस्टला सरकारने प्रेक्षकांना पूर्ण बंदी घातली, पण सामने चालूच राहिले. म्हणजे त्या उन्हाळ्यात शाळांच्या संघातली हीच सतरा-अठरा वर्षांची मुलं गवतावर होती. हातात हर्ली होती, डोक्यावर हेल्मेट होतं. फक्त जर्सी गावच्या क्लबची होती.

दुसरी बाजूही बघा. त्यांच्या लीव्हिंग सर्टचे गुण ७ सप्टेंबरला हाती आले. तोपर्यंत कुठल्याही मुलाला नवं कॉलेज लागलेलं नव्हतं. जुनी शाळा सुटली होती आणि नवं दार उघडलं नव्हतं, अशी ती मधली वेळ. त्या ऑगस्टमध्ये शाळेची जर्सी घालून उरलेले सामने रिकाम्या मैदानावर खेळवता आले असते.

ते का झालं नाही याची कारणं मला समजतात, आणि ती खोटी नाहीत. आयर्लंडमध्ये शाळांचे संघ शिक्षक चालवतात, वेगळं मानधन न घेता, तास संपल्यावर. उन्हाळ्यात शाळा बंद असते. त्या वर्षी शिक्षक आणि मुख्याध्यापक बाकं किती अंतरावर ठेवायची, खिडक्या किती उघड्या ठेवायच्या, यात बुडालेले होते, कारण ऑगस्टच्या अखेरीला शाळा कशाही उघडायच्या होत्या. शाळेच्या नावावर सामना म्हणजे शाळेची जबाबदारी: विमा, बस, पालकांची संमती. एका मुलाला लागण झाली आणि घरातली आजी गेली, तर त्या शाळेने काय उत्तर द्यायचं? हा प्रश्न ज्याच्या टेबलावर असतो त्यालाच त्याचं वजन कळतं. मी त्या टेबलाशी नव्हतो.

तरीही माझं मत असं, की ते सामने खेळवायला हवे होते. कारण त्याच संघटनेने, त्याच वर्षी, दुसऱ्या गटांसाठी वाट काढली.

ज्यांच्यासाठी वाट निघाली

ऑक्टोबर २०२० च्या सुरुवातीला क्लबचे सामने पुन्हा थांबले आणि त्या महिन्यात देश सर्वात कडक, पाचव्या पातळीच्या निर्बंधांत गेला. काउंटीच्या वरिष्ठ स्पर्धेला मात्र सूट मिळाली. एरवी उन्हाळ्यात होणारी स्पर्धा हिवाळ्यात झाली आणि १३ डिसेंबरला बंद दाराआड लिमरिकने तो ०-३० वाला सामना जिंकला. ब्याऐंशी हजारांचं मैदान पूर्ण रिकामं. चेंडूला हर्ली लागल्याचा आवाज टीव्हीवर इतका स्वच्छ यापूर्वी कधी ऐकू आला नव्हता, असं माझा विद्यार्थी सांगत होता. घरात अडकलेल्या देशाला त्या सामन्यांनी मोठा आधार दिला, आणि ते खेळवले हे योग्यच झालं.

त्याहून बोलकं उदाहरण कुमार गटाचं. काउंट्यांची सतरा वर्षांखालची २०२० ची स्पर्धा हिवाळ्यात अर्धवट राहिली. ती रद्द केली नाही. पुढच्या वर्षी, २०२१ च्या जुलैमध्ये, गॉलवे आणि किलकेनी यांच्यात २०२० चा अंतिम सामना झाला आणि गॉलवेने तो जिंकला. वीस वर्षांखालच्या गटाचा २०२० चा अंतिम सामनाही त्याच महिन्यात झाला; कॉर्क जिंकलं. मुलं तोवर वयाने पुढे गेली होती, पण २०२० साली ती पात्र होती म्हणून त्यांना पात्रच धरलं.

म्हणजे वर्ष उलटल्यावरही मागच्या वर्षाचा सामना खेळवता येतो, हे त्यांनीच करून दाखवलं. मग शाळांचा का नाही?

मला जे उत्तर सापडतं ते असं. काउंटी ही कायमची असते. मुलगा अठराचा झाला तरी तो गॉलवेचाच राहतो, त्याला बोलावणारं कार्यालय तेच आणि त्याचा फोन नंबर त्याच वहीत. शाळेचं तसं नाही. जूनमध्ये दाखला हातात दिला की शाळेचा आणि मुलाचा कागदोपत्री संबंध संपतो. पुढच्या वर्षीची मुलं दारात उभी असतात आणि मुख्याध्यापकाला त्यांचंच बघावं लागतं. गेलेल्या मुलांची बाजू बैठकीत मांडायला कुणीच नसतं. कुणी त्यांच्या विरोधात नव्हतं, एवढंच. मी इतकी वर्षं अशा बैठकांना बसलोय, म्हणून सांगतो: ज्याचं नाव विषयपत्रिकेवर नाही, त्याच्याबद्दल निर्णय होत नाही, तो आपोआप लागतो.

२०२०-२१: न उगवलेला हंगाम

दुसऱ्या हंगामाबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे, कारण तो झालाच नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून नाताळपर्यंत शाळा भरल्या, पण शाळा-शाळांमधले सामने नाहीत. नाताळनंतर साथ भडकली, मुलं पुन्हा घरी, पडद्यासमोर. मार्च २०२१ पासून वर्ग टप्प्याटप्प्याने परतले. मुलांना मैदानावर सराव करायला परवानगी मिळाली ती २६ एप्रिलला, तीही पंधरा-पंधराच्या गटात, अंगाला अंग न लावता. हर्लिंग, अंगाला अंग न लावता! तोवर हार्टी आणि क्रोक कपची वेळ कधीच टळली होती.

जो मुलगा २०२० मध्ये पाचव्या वर्षात राखीव बसला होता आणि 'पुढच्या वर्षी माझा नंबर' म्हणत होता, त्याचं हे पुढचं वर्ष. मला या प्रकरणात सर्वात जास्त वाईट त्याचं वाटतं. २०२० च्या तुकडीकडे निदान अर्धा हंगाम आहे, सेंट फ्लॅनन्सच्या मुलांकडे तर हार्टीचं पदक आहे. २०२१ च्या तुकडीकडे सांगायला एक सामनाही नाही.

टल्ला

२०२१ च्या शरद ऋतूत शाळांचं हर्लिंग परत आलं आणि पहिल्याच हंगामात असं काही घडलं, की मन्स्टरमधले लोक अजून त्याबद्दल बोलतात.

क्लेअर काउंटीच्या पूर्वेला टल्ला नावाचं छोटं गाव आहे. बाहेरच्यांना ते माहीत असेल तर १९४६ सालच्या टल्ला केली बँडमुळे, लोकसंगीत वाजवणारा हा जुना चमू. तिथली सेंट जोसेफ्स ही शाळा त्या हंगामात हार्टी कपच्या अंतिम सामन्यात पोचली. समोर होती लिमरिकची आर्डस्कॉल रीश. २०१० च्या दशकात पुन्हा पुन्हा हार्टी जिंकलेली ही शहरी शाळा. लिमरिकला पंचेचाळीस वर्षांनी, २०१८ मध्ये, अखिल आयर्लंड कप मिळाला तेव्हाचा कर्णधार डेक्लन हॅनन याच शाळेचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये टल्लाच्या मुलांनी त्यांना हरवलं. शाळेच्या इतिहासातला पहिला हार्टी कप. क्लेअरमध्ये हार्टी म्हटलं की सेंट फ्लॅनन्स हे जवळपास ठरलेलं उत्तर, आणि तो कप आता एका गावच्या शाळेत आला.

याचा खंड पडलेल्या दोन वर्षांशी संबंध आहे का? मला वाटतं, थोडा आहे. जपून बोलतो, कारण टल्लाच्या मुलांचं श्रेय साथीला द्यायचं नाही. मोठ्या शाळेची ताकद तिच्या साखळीत असते. पाचव्या वर्षाचा मुलगा सहाव्या वर्षाच्या मुलाच्या शेजारी बसून शिकतो. अंतिम सामन्याच्या दिवशी बसमध्ये कसं गप्प बसायचं, पहिली दहा मिनिटं काठी जरा जोरात घालून घ्यायची, हे पुस्तकात नसतं. एक तुकडी दुसरीला देते. २०२२ च्या मुलांना ते द्यायला कुणी नव्हतं. गेल्या अंतिम फेरीच्या वेळी ती बरीचशी चौथ्या वर्षात होती. सगळ्याच शाळा एका अर्थी कोऱ्या पाटीने उतरल्या. अशा वेळी ज्या गावात क्लब घट्ट आहे, मुलं लहानपणापासून त्याच दहा जणांबरोबर खेळली आहेत, त्या गावच्या शाळेचं नुकसान तुलनेने कमी होतं. साखळी शाळेत तुटली तरी गावात शाबूत राहते. आमच्याकडे खो-खोत मी हेच पाहिलंय. साथीनंतर आधी उभे राहिले ते संध्याकाळी देवळामागच्या मैदानावर खेळणाऱ्या मंडळांतले संघ. मोठमोठ्या क्रीडा संकुलांतल्यांना जास्त वेळ लागला.

टल्लाची वाटचाल अखिल आयर्लंड टप्प्यात थांबली. प्रांतात हरूनही आर्डस्कॉल रीश पुढे गेली आणि १७ मार्च २०२२ ला क्रोक पार्कवर त्यांची गाठ सेंट कीरन्सशी पडली. दोन वर्षं न झालेला तो दिवस. सेंट कीरन्स जिंकले. विजेत्यांच्या यादीत २०१९ समोरही त्यांचंच नाव आहे, त्यामुळे यादी वाचताना क्षणभर असं वाटतं की मधे काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी, १८ मार्चला, आयर्लंडमध्ये खास सुट्टी होती. साथीत गेलेल्यांच्या स्मरणासाठी आणि राबलेल्यांच्या सन्मानासाठी सरकारने त्या एका वर्षापुरती दिलेली.

आमच्या फळ्यावरच्या रिकाम्या ओळी

आता हे मी धरून का ठेवलंय ते सांगतो.

आमच्या मुलींचा खो-खोचा एकोणीस वर्षांखालचा संघ २०१९-२० मध्ये विभागापर्यंत गेला आणि एका गुणाने हरला. त्यातल्या सात जणी अकरावीत होत्या. परतीच्या एसटीत त्यांनी पुढच्या वर्षीचा क्रम ठरवून टाकला होता: कोण खांबाजवळ बसणार, पहिल्या तुकडीत कोण पळणार. पुढचं वर्ष आलं ते मोबाईलवर. शालेय स्पर्धा झाल्या नाहीत, बारावीची परीक्षाही जून २०२१ मध्ये रद्द झाली. परीक्षेचे गुण दहावी, अकरावी आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनावरून काढून दिले गेले. खेळाचं मागचं वर्ष धरून काही देता येईल का, म्हणून मी एका कार्यालयात तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, "सर, त्या आता तुमच्या शाळेच्या नाहीत." त्याने वाईट हेतूने सांगितलं नव्हतं. पण ते वाक्य घेऊन मी घरी आलो आणि दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

त्यामुळे आयर्लंडच्या मुलांचं वाचलं तेव्हा ते मला परकं वाटलं नाही. तिथे कप होता, बिशपचं नाव होतं, क्रोक पार्क होतं. आमच्याकडे तालुक्याचं मैदान आणि फक्कीने आखलेल्या रेषा. प्रश्न तोच होता: सुटून गेलेल्या तुकडीचा सामना कुणाच्या वहीत लिहायचा?

माझ्या वहीत लिहायचा, असं मी ठरवलं. शाळेच्या दर्शनी भिंतीवर वर्षवार संघांचा फळा आहे. त्यावर २०२०-२१ ची ओळ रंगाऱ्याने गाळली होती. २०१९-२० खाली थेट २०२१-२२. मी ती ओळ मधे घालून घेतली आणि समोर नऊ नावं लिहून घेतली, 'स्पर्धा झाली नाही' या तीन शब्दांसकट. मुख्याध्यापक म्हणाले, "न खेळलेल्यांची नावं?" मी म्हटलं, "निवडलेल्यांची." ते मानले.

गेल्या मे महिन्यात त्या नऊ जणींना मी निरोप धाडले. समोर गावातल्याच मंडळाचा संघ, पंच मीच, वेळ संध्याकाळी साडेपाचची. एक पुण्याला नर्स आहे, तिला रजा मिळाली नाही. एकीचं नुकतंच बाळंतपण झालं होतं. ती माहेरी होती, बाळाला घेऊन कडेला खुर्चीत बसली आणि सगळा वेळ ओरडत राहिली. उरलेल्या सात जणी आल्या. एकीने विभागाच्या वेळचे बूट जपून ठेवले होते, तळ सुटलेला, सुतळीने बांधलेला. नऊ पूर्ण करायला अकरावीतल्या दोघींना घेतलं. एसटीत ठरलेला क्रम त्यांना तोंडपाठ होता. खांबाजवळ कोण बसणार हे कुणी कुणाला विचारलं नाही.